मतभेदाचा मुद्दा

"असं मी तिला नांदेडला पाठवणार नाही," सासूबाईंनी लाटणं आपटलं.

"ती परीक्षेला जाणार म्हणजे जाणार," सासरे बाहेरच्या खोलीतून गरजले.

परीक्षा रविवारी नांदेडला होती आणि नवऱ्याला नेमकी त्याच दिवशी ड्यूटी होती. आता परीक्षा बुडालीच, असं मी धरून चालले होते. समोर सरावाचा पेपर उघडा होता. दोन माणसं, दोघांचं एकेक विधान, आणि प्रश्न असा की त्यांचा मतभेद नेमका कशावर आहे? या प्रश्नात माझा मार्क हमखास जायचा. क्लासच्या सरांची युक्ती तशी साधी होती. ज्या विधानाला एक जण 'हो' म्हणेल आणि दुसरा 'नाही', तेच उत्तर.

मी पेन्सिल घेऊन दोघांच्या मधे, दारात जाऊन उभी राहिले.

"मी परीक्षा द्यावी का?"

"द्यायचीच," दोघंही एकदम म्हणाले.

"एकटीनं जावं का?"

"एकटीनं कशाला?" पुन्हा एकदम.

दोन पर्याय बाद झाले होते.

"मग सोबत मामांनी यावं का?" मी सासऱ्यांकडे पेन्सिल दाखवत विचारलं.

"हो. शर्ट इस्त्रीला टाकलाय," सासरे म्हणाले.

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "हे गाडीत झोपतात आणि स्टेशन निघून जातं. मी जाणार. दशम्या कुणासाठी लाटतेय?"

सापडलं. आता भांडण मिटवणं सोपं होतं. पण मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि दोघांना पोटभर भांडू दिलं.