धुरपताची फेरी

धुरपता डोंग्यात जाऊन बसली, तसे आधी बसलेले दोघं उठले आणि चपला हातात घेऊन गाळातून काठाकडे निघाले. एकाला तर धोतर वर धरायचीही सवड झाली नाही. एवढी घाई.

डोमाजी ढीवर बांबू धरून उभाच राहिला. दर रविवारी तो लोकांना डोंग्यातून तलावातल्या बेटावर नेई. बाभळींवरचे करकोचे दाखवी, उन्हात पडलेलं कासव दाखवी, आणि छातीत दम असेल त्याला पाण्याखालचंही दाखवी. नागपूरचे पाहुणे येत, वर्ध्याचे वकील येत. जाऊन आलेला माणूस आठ दिवस तेच सांगत फिरे. धुरपतानं हे चाळीस वर्षं ऐकलं होतं. पाळीवरून, तलावाच्या बांधावरून. लांबून.

"डोमाजीभाऊ, हाकल ना डोंगा. काऊन थांबला?"

डोमाजीनं पाळीकडे पाहिलं. तिथं वासुदेवराव उभे होते. त्यांची गावावरची मालगुजारी जाऊन सहा वर्षं होत आली, पण डोक्यावरचा फेटा आणि डोक्यातला फेटा, दोन्ही तसेच होते.

"धुरपते, उतर खाली. तुमी धर्म बदलला म्हणून पाणी नाई बदललं."

"पाणी कायले बदलन, वासुदेवराव? पाणी चांगलंच आहे. मानसं पाहा."

पाळीवर कोणीतरी खोकलं. गेल्या दसऱ्यापर्यंत याच बाईच्या तोंडी 'मालक' होतं.

वासुदेवराव हुशार माणूस. चारचौघांत बाईशी भांडण्यात शोभा नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, जाऊ दे. हौस आहे तर ने तिले, डोमाजी. पण पाण्याले तिचा हात नाई लागला पाह्यजे. बेट पाहावं, पाखरं पाहावं, कोरडी गेली तशी कोरडी यावं. नाईतर उद्यापासून तुझं जाळं या तलावात पडणार नाई."

पाळीवरच्यांनी माना डोलावल्या. केवढं मोठं मन!

डोमाजीचा चेहरा मात्र उतरला. ढिवरांची रीत गावाला पाठ होती. वासुदेवरावांनाच नेमकी त्या वेळी आठवली नाही. डोंग्यात बसलेल्यानं आधी तलावाची ओंजळ घ्यायची, कपाळी लावायची, दोन थेंब तोंडात टाकायचे. मगच बांबू गाळातून उपटायचा. कोरड्या हातानं कोणी मध्यावर गेलं तर पाण्याची माय डोंगा पालथा करते. डोमाजीच्या बापानं ही रीत गोऱ्या साहेबासाठी मोडली नव्हती.

"मालक, ओंजळ तर घ्याच लागते," डोमाजी हळूच म्हणाला.

"मंग तिले उतरव."

डोमाजीनं एकदा धुरपताकडे पाहिलं, एकदा काठावर वाळत घातलेल्या जाळ्याकडे. घरात खाणारी सहा तोंडं होती, आणि ती सहाही त्या जाळ्यावर होती.

धुरपतानं पदर खोचला, वाकली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.

"कपाळाले लाव, धुरपताबाई," डोमाजीच्या तोंडून निघून गेलं.

"कपाळाले नाई लावत. दीक्षा घेतली मी, पाण्याची माय-बिय मानत नाई. पण तहान लागली आहे."

आणि ती प्याली. दोन थेंब नाही. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. घटाघटा, पाळीपर्यंत आवाज जाईल अशी. ओला हात तोंडावरून फिरवला आणि वासुदेवरावांकडे पाहून एक ढेकर दिली.

"गोड आहे वो. आमच्याकडं पाळीखाली येईपर्यंत याचा नुसता चिखल होते."

डोमाजीनं बांबू उपटला.

बेटापाशी छातीएवढ्या पाण्यात त्यानं डोंगा उभा केला. करकोचे डोक्यावरून ओरडत गेले. पाणकावळे बाभळीवर पंख पसरून बसले होते, ते हललेही नाहीत. त्यांना कोण आलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. डोमाजीनं पोपईच्या पानाची पोकळ दांडी तिच्या हाती दिली.

"हे दातात धर. टोक वर ठेव. नाकानं श्वास नको घेऊ. भेव वाटते काय?"

"भेव पाळीवर होतं. इथं कायचं?"

धुरपता नेसत्या लुगड्यानं पाण्यात उतरली, एका हातानं डोंग्याचा काठ धरला आणि डोकं खाली घातलं.

खाली सगळं हिरवं होतं. शिंगाड्याच्या वेलींची मुळं लोंबत होती, त्यांतून ऊन खाली उतरत होतं. बारीक मासोळ्या आल्या आणि तिच्या बांगड्यांना टोचू लागल्या. नळीतून तिचा श्वास भात्यासारखा वाजत होता. बाकी सारं चिडीचूप. एवढं लपवून ठेवलं होतं यांनी, तिच्या मनात आलं, आणि पाण्यातसुद्धा तिची कानशिलं तापली.

नळीत पाणी शिरलं. ठसका लागून ती वर आली. तिकडे पाळीवर माणसं वाढली होती आणि वासुदेवरावांचा आवाज तलावावरून सरळ येत होता.

"डोमाज्या! आण तिले माघारी! नाईतर तुझं जाळं आत्ताच चुलीत घालतो! आयकू येते काय?"

डोमाजीनं तोंडातला तंबाखू थुंकला. बांबू गाळात आणखी खोल रोवला. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यानं सगळ्या पाळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

"हळू बोला, मालक! बाई मासोळ्या पाहून राह्यली!"

धुरपतानं नळी फुंकून मोकळी केली आणि परत खाली गेली. डोंग्याच्या काठावर तिची बांगड्यांची मूठ आणि शेजारी नळीचं टोक, तेवढंच वर राहिलं.