शिकणारे हातमोजे

न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली होती. पोपडे खरवडायला निघालेल्या सासूपुढे रेवतीने वापरून फेकायच्या हातमोज्यांचं पाकीट धरलं.

"आई, हेच घाला. बाबांचे घातलेत तर ते तुमचा हात शिकतील आणि बाबांचा विसरतील."

शालनताईंना ते ठाऊक होतं. म्हणूनच दामोदरराव गेल्यापासून त्यांचे ते जाड हातमोजे कपाटात जपून ठेवलेले होते. आज मात्र त्यांनी तेच चढवले. खरवडायची पट्टी भिंतीला लावताच मोज्यांनी त्यांचं मनगट हलकेच वळवलं. दामोदरराव खरवडताना आपलं मनगट असंच वळवायचे.

"आई, पुसलं जाईल हो सगळं!"

"जाऊ दे गं. एकदा धरू दे त्यांना माझा हात."

दुपारपर्यंत ती पकड सैल होत गेली. उरलेली भिंत शालनताईंनी आपल्याच हाताने खरवडली.