बिनगाण्याचा रोवणा

भाताचा रोवणा चालू होता अन् शेतातल्या बांधीत गाणं नव्हतं.

कुंदाबाईचा मुलगा देवानंद जाऊन वर्ष भरायचं होतं. वर्ष भरेपर्यंत त्या घरच्या बांधीत बाया गात नाहीत. चिखलातून पाय उपसल्याचा तेवढा आवाज. परे, कोवळी रोपं, रोवत, वाकल्या कंबरेनं, बाया मागे मागे सरकत होत्या.

गाण्याच्या जागी यंदा देवानंदच्या बायकोच्या, रुचिकाच्या, कादंबऱ्या होत्या. सून बाजाराच्या दिवशी गोरेगावला गेली की वाचनालयातून पुस्तक आणायची. गाण्यावाचून कंबर जास्त दुखते, असं शेजारची शामकला एकदा म्हणाली, तेव्हापासून रुचिका बांधीत वाचलेलं सांगायची.

"आता कोनतं वाचून राहिली वो?" शामकलानं विचारलं.

"खुनाचं वाचलं. पहिल्याच पानावर मानूस मरते. मंग पुस्तक सरेपर्यंत त्याच्या कपाटावरचे बोटाचे ठसे पाहत बसतेत. त्याची माय कुठं होती, जेवली का नाही, कोनी विचारत नाही." रुचिकानं पऱ्यांची जुडी सोडली. "नाही आवडलं मले."

"अन् ते जाडंवालं? राजाचं?"

"त्यात राजा लय बोलते. एका लढाईत हजार मानसं पडली. एका ओळीत."

"हजार घरी हजार बाया असतीन ना त्याईच्या."

"त्याईच्यासाठी ओळ नाही ठेवली."

ओळीच्या कडेला, सुनेच्या बाजूलाच, कुंदाबाई रोवत होती. कान सुनेकडे, मन देवरीच्या सडकेवर. आज दिवस कलताना हिमांशू, रुचिकाचा भाऊ, तिला न्यायला येणार होता. तिकडे माहेरी रुचिकासाठी एक स्थळ आलं होतं. भला माणूस, कपड्याचं दुकान. मोबाइलवर रुचिका भावाला म्हणाली होती, इकडच्या आईले विचारून सांगतो. कुडाच्या आडून कुंदाबाईनं ते ऐकलं होतं. तेव्हापासून सून चहा देत होती, पाठ चेपत होती, पण विचारत नव्हती. अन् कुंदाबाईही स्वतःहून विषय काढत नव्हती. विचारलं तर हो म्हणावं लागेल. मग त्या घरात संध्याकाळचा दिवा कोणासाठी लावायचा?

"भुताचं एखांदं सांग," शामकला म्हणाली. "झोप येऊन राहिली मले."

"ते तं सगळ्यात खोटं. मेलेला नवरा अमावस्येला दार वाजवते अन् बायको भेते." रुचिकाचा हात चिखलात थांबला. "भ्याचं कायले? कान लावून बसलं तरी कोनी वाजवत नाही."

बिरसीच्या तळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घिरटी घालून गेलं. शामकलानं तेवढंच धरलं.

"विमानाचं नाही का एखांदं?"

"आहे ना. पुढच्या काळाचं. मानसं चंद्रावर राहतेत. मेलेल्याचा आवाज यंत्रात भरून ठेवतेत अन् रोज ऐकतेत. लिहिनाऱ्याले वाटलं, काय नवीन सांगून राहिलो." रुचिका किंचित हसली. "आवाज माह्या मोबाइलात बी आहे. 'उशीर होईन, तू जेवून घे' म्हनते. रोज तेच म्हनते."

"अवो, मंग एखांदं तरी आवडलं का तुले?"

रुचिकानं नवी जुडी सोडली. बाया दोन पावलं मागे सरकल्या.

"एकाबी पुस्तकात बाई नुसती थकत नाही, काकी. रडते, पळून जाते, नवऱ्यामांगं जीव देते. पन थकली, अन् सकाळी उठून चुलीवर चहा मांडला, अशी एक नाही भेटली."

"अशीले कोन वाचीन वो? ते तं घरोघरी फुकटात पाहून राहिलो."

बाया हसल्या. कुंदाबाई हसली नाही. तिनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. बांधाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली मोटरसायकल थांबली होती. हिमांशू उतरून उभा होता, हाक न मारता. रुचिकानंही त्याला पाहिलं असावं. ती आणखी खाली वाकली होती, अन् तिचे परे एकाच जागी दाट पडत होते, रोवणा न येणाऱ्या पोरीचे पडतात तसे.

"शामकला," कुंदाबाई म्हणाली, "गानं म्हन."

सगळी ओळ थांबली.

"कुंदाबाई, वरीस नाही भरलं."

"पोरगा माहा होता. मले ठाऊक आहे. म्हन तू."

मग ती सुनेकडे वळली. चिखलाचा हात पुढे केला.

"दे ते परे इकडं. तुही पात मी लावतो. जाय, पाय धू. भाऊ तिकडं उभा आहे."

"आई, मी तुमाले विचारनार होती."

"विचारलंस ना. एवढ्या पुस्तकायच्या नावानं विचारलंस." कुंदाबाईनं तिच्या मुठीतून जुडी काढून घेतली. "जाय."

शामकलानं पहिली ओळ टाकली. गाण्यावाचून राहिलेला गळा, घोगरा निघाला. या गाण्यात एका टोकानं ओळ टाकायची अन् दुसऱ्या टोकानं उचलायची असते. दुसरं टोक कुंदाबाईचं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. ती नुसती रोवत राहिली, सुनेचे दाट पडलेले परे उपटून विरळ करत.

शामकलानं तीच ओळ पुन्हा टाकली.

तिकडे पाळीखालच्या पाटात रुचिका पाय धूत होती, बांधीकडे पाठ करून. पाण्यातून पाय न काढता, मान न वळवता, तिथूनच तिनं दुसरी ओळ उचलली.