आत बघायचं नाही

मावशीनं पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरची कळ दाबली, तरी पडदा ढिम्म.

"तुमची रांग जेवायला गेली वाटतं," शेजारचा जाड्या म्हणाला.

"तुझी काल पळूनच गेली होती, त्याचं बघ," मावशी म्हणाली. पहिल्या वर्षाच्या त्या वर्गात पोरांच्या आईच्या वयाची ती एकटीच. म्हणून सगळ्यांची मावशी.

तेवढ्यात उत्तर आलं. 'आजोबा, गुडघा.' तिचा जीव भांड्यात पडला.

सत्राच्या सुरुवातीलाच सरांनी वर्गाचे दोन भाग केले होते. अर्धे वरच्या लॅबमध्ये, अर्धे खाली. वरच्यानं रांग नावाचं डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती ठेवायची रचना, तयार करायची. खालच्यानं ते वापरून दवाखान्याचा प्रोग्रॅम लिहायचा. जोडीदारांची मशीन तारेनं एकमेकांना जोडलेली. खालच्यानं रांगेला एवढंच सांगायचं: हे नाव आत घे, पुढचं नाव दे, किती उरले ते सांग. जो आधी आला तो आधी बाहेर.

"रांग आतून कशी बनवलीय, हे खालच्याला कळता कामा नये," सर म्हणाले होते. "ती कोणी बनवली, तेही नाही. नळ सोडला की पाणी येतं. टाकीत डोकावायला कोण जातं? यालाच ॲबस्ट्रॅक्शन म्हणतात. आत बघितलंत, तर शून्य."

खालच्या लॅबमधल्या मावशीला ते फार पटलं. आतलं काही तिला जमलंच नसतं. गेल्या वर्षी ती याच विषयात आपटली होती. यंदा पुन्हा आपटली, तर कॉलेजातून नाव कटणार होतं. लेक घरी चिडवायची, "आई, तू परत नापास झालीस ना, तर माझ्या मार्कांवर बोलायचा तुझा हक्क संपला." चिडवायची, आणि आईला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून गुपचूप भांडी घासून टाकायची.

इतरांच्या रांगा नावं गिळायच्या, नाहीतर रिकाम्या झाल्या की मशीनच बंद पाडायच्या. मावशीची रांग हळू होती, पण कधी कोलमडली नाही. आणि समजूतदार किती! एकदा घाईत मावशीनं 'गुडगा' लिहिलं, तर बाहेर येताना त्याचा 'गुडघा' झाला. एकदा एकच बाई चुकून दोनदा आत गेली. रांगेनं तिला एकदाच धरलं.

तिनं हे सरांना सांगितलं, तेव्हा ते हसले. "जोडीदार हुशार मिळालाय. पदरात पडलंय ते घ्या."

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक बाई आल्या. आधी त्यांनी मावशीचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. मग तिच्या खुर्चीत बसून भराभर रुग्ण आत घातले. आजोबा, गुडघा. काकू, चष्म्याचा नंबर. साहेब, दाढ. तान्हं बाळ, ताप.

मग त्यांनी पुढचं नाव मागितलं. रांगेनं जरा वेळ घेतला.

'तान्हं बाळ, ताप.'

"रांग मोडली," परीक्षक म्हणाल्या. "शेवटी आलेलं आधी बाहेर."

"माझं काही चुकलं का?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही का घाबरता? तुमचं काम ठीक आहे. चूक आतली आहे. तशी तक्रार करा, म्हणजे तुम्ही पास, वरचा नापास."

एक हो म्हणायचं की सुटली.

"नको," ती म्हणाली. "वर कोण बसलंय मला ठाऊक नाही. पण सत्रभर त्यानं मला सांभाळून घेतलंय. माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. माझ्या नावावर धरा."

"नापास व्हाल."

"झालेय की एकदा. वाट ओळखीची आहे."

सरांना राहवेना. "मॅडम, एकदा साधी अक्षरं घालून बघू या का?"

अ, ब, क, ड. ओळीनं आत गेली, ओळीनं बाहेर आली. परीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुन्हा रुग्ण घातले. शेवटी 'गरोदर बाई, कळा सुरू'. ती सगळ्यात आधी बाहेर आली. मग 'गडी, छातीत दुखतंय'. तोही पहिला. मग त्यांनी मुद्दाम लिहिलं, 'मोठे साहेब, फार घाईत'. मोठे साहेब मुकाट्यानं शेवटीच राहिले.

परीक्षकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"ही चूक नाहीच. ही रांग दुखणं ओळखते. नुसत्या शब्दांवरून! पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केलीय?"

सरांची छाती फुगली. "मी तर पहिल्यापासून म्हणतोय, पोरगं हुशार आहे."

"दोघंही पास. पैकीच्या पैकी मार्क. पण मला आता आतलं बघायचंच आहे."

"आत बघायचं नाही ना?" मावशी घाबरून म्हणाली.

"ते तुम्हाला," सर हसत म्हणाले आणि सगळ्यांचं काम दिसणाऱ्या आपल्या मशीनकडे वळले. परीक्षक त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. नियम तो नियम, म्हणून मावशी पाठ करून उभी राहिली.

"वाचा ना, सर," परीक्षक म्हणाल्या.

सरांचं हसू कधीच मावळलं होतं. पहिल्या दिवशी सुरुवात म्हणून त्यांनीच सगळ्यांना दिलेल्या दोन ओळी आत जशाच्या तशा होत्या. त्याखाली काहीच नव्हतं.

"आलेलं मागणं पडद्यावर दाखव," ते हळू आवाजात वाचू लागले. "समोर बसलेला माणूस जे टाइप करील, ते परत पाठव."

मावशीनं आपल्या पडद्याकडे पाहिलं. कोणी काही मागितलं नव्हतं, तरी तिथं एक नवी ओळ उमटली होती: 'बाळाचा ताप उतरला का?'