ओहोटी

खाडीच्या मधोमध होडी गाळात रुतली आणि आबा खोतांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे भाग्या, ढकल की! तीनला कचेरीत अर्ज घ्यायचं बंद होतं!"

"आता न्हाय हलायची, आबासाहेब. पानी गेलं." भागोजीनं वल्हं आत घेतलं आणि ऐसपैस मांडी घातली. सगळा जन्म या खाडीत होडी चालवण्यात गेलेला. कुठला गाळ कधी उघडा पडतो, हे त्याला झोपेतही ठाऊक. तरी सकाळपासून "अजून लय पानी हाय" म्हणत खोतांना काठावर बसवून ठेवलं होतं यानंच.

खोतांच्या मांडीवर असेंब्लीच्या निवडणुकीचा अर्ज होता. उमेदवारी काही सुखासुखी मिळाली नव्हती. तालुक्याच्या सभेत आणखी दोघं इच्छुक होते. खोतांनी एकाच्या शेताचं पाणी तोडलं, दुसऱ्याच्या दारात दांडगे गडी उभे केले. दोघांनी मुकाट नावं मागं घेतली. आता त्यांच्या बाजूनं एकटे खोतच. आज अर्ज पोचला नाही, की समोरचा पेणचा वकील बसल्या जागी बिनविरोध निवडून आला!

अर्जावरचा सूचक कोंडाजी शेजारीच होता. त्यानं काठी गाळात घालून पाहिली. ती आत जातच राहिली.

"उतरायचं नाव नको, आबा."

पलीकडच्या काठावर मोटार तयार होती. हार घेतलेली माणसं हात हलवत होती. खोतांनी आधी शिव्या घातल्या, मग बाबापुता केलं. "माग काय हवं ते. पण मला पलीकडं ने."

भागोजीनं चंची सोडली आणि पानाला चुना लावू लागला.

"शिमग्याला माझी लेक केसर अडली व्हती. डाक्तर पलीकडं. तुमी हीच होडी पाव्हन्यांसाठी आडकवून ठेवली. मी पाय धरले तुमचे. काय म्हनलात, आठवतं?"

खोतांना आठवलं की नाही, देव जाणे. कोंडाजीला आठवलं. त्यानं मान फिरवली.

"म्हनलात, बाई काय पळून जाते? पंगत उठू दे."

पंगत उठायच्या आधीच केसर गेली होती, पोटातल्या लेकरासकट.

काठावर कुणीतरी खोतांच्या नावाचा जयजयकार केला. भागोजीनं विडा नीट दुमडला आणि पाहुण्याला द्यावा तसा खोतांपुढं धरला.

"घ्या, आबासाहेब. कचेरी काय पळून जाते? भरती येऊ द्या."