बांधले, मारली, आणली

"तीन क्रियापदं, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना," असं म्हणून मुसेम्बी गुरुजींनी पेंटरच्या हातातला ब्रश काढून घेतला.

फलक शाळेच्या फाटकाशी बाभळीला टेकवून ठेवला होता. निवडणूक जवळ आली होती. आपण काय काय केलं ते लोकांना कळावं म्हणून वॉर्डाचे मेंबर किमान्झी यांनी तो करून घेतला होता. इंग्रजीत, कारण इथल्या कांबा भाषेत लिहिलेलं कांबा माणूससुद्धा खरं मानत नाही. फलकाचा मजकूर असा होता : आम्ही वर्ग बांधले, बोअर मारत आहोत आणि वीज आणणार आहोत.

गुरुजींचं म्हणणं साधं होतं. इंग्रजी वाक्यात क्रियापदं ओळीनं आली की सगळ्यांचं रूप एकच हवं. पहिलं भूतकाळात गेलं असेल तर बाकीच्यांनीही मुकाट्यानं त्याच्या मागं जायचं. आठवीच्या परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो आणि त्यांची पोरं तो कधी चुकत नाहीत. आता शाळेच्याच दारात असलं वाक्य उभं राहणार असेल तर आत बसून शिकवायचं काय?

किमान्झींनी डोकं खाजवलं. खोटं बोलताना त्यांना घाम फुटायचा. राजकारणात त्यांचा तेवढा एकच दोष होता.

"पण मास्तर, बोअरची गाडी तर मागं अजून खडखडतेय," ते म्हणाले. "आणि विजेचा म्हणाल तर खांबसुद्धा आलेला नाही."

"ते तुमचं खातं. क्रियापद माझं."

गुरुजींनी जुने शब्द खोडून स्वतःच्या हातानं नवे लिहिले. बिल्ट, ड्रिल्ड, ब्रॉट. वर्ग बांधले, बोअर मारली, वीज आणली. वाक्य कवायतीच्या रांगेसारखं ताठ उभं राहिलं. किमान्झींनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याला सबंध मुदतीत जमलं नाही ते मास्तरांनी उभ्या उभ्या करून टाकलं, असं म्हणून त्यांनी कपाळ पुसलं आणि फलक चांगला खोल पुरायला सांगितला.

खरं तर त्या बोअरसाठी सगळ्यात जास्त जीव गुरुजींचाच तुटत होता. नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी. पहाटे नदीच्या वाळूत खड्डा करायचा, तळाशी पाणी साचायची वाट बघत बसायचं आणि पिवळा कॅन भरून शाळेत आणायचा, हे काम पोरींचं. त्यामुळे पोरींचा पहिला तास बुडे, आणि पहिला तास इंग्रजीचा. गुरुजींनी पाणी खात्याकडे अर्जांमागून अर्ज केले होते. एकाही अर्जात व्याकरणाची चूक नव्हती. शेवटी गाडी आली होती. खडक कठीण होता. भोकातून अजून नुसती पांढरी धूळ उडत होती.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीच्या वेळी खात्याची इंजिनिअर सियोम्बुआ जीपमधून उतरली. ही गुरुजींचीच विद्यार्थिनी. क्रियापदांच्या याच नियमापायी तिनं एके काळी हातावर छड्या खाल्ल्या होत्या. तिचे साहेब सकाळी एका मयताला जाताना या रस्त्यानं गेले होते आणि त्यांनी फलक वाचला होता. बोअर मारून झाली असेल तर गाडी तिथं काय करतेय, असं ते विचारत होते. पलीकडे इटुम्बा गावचे लोक कधीपासून गाडीची वाट बघत होते. काम अर्धवट आहे, अजून थोडं खाली जायला हवं, असं तिनं परोपरीनं सांगून पाहिलं होतं. साहेबांना ते पटत नव्हतं. शाळेच्या दारात लिहिलेलं चूक कसं असेल, असं त्यांचं म्हणणं.

फोन तिच्या हातात चालूच होता. त्यावर तळवा दाबून ती हळू आवाजात म्हणाली, "सर, फलक चुकलाय, एवढंच म्हणा. गाडी मी हलू देत नाही."

आठवीचा सगळा वर्ग कुंपणाशी जमला होता. कालच गुरुजींनी त्यांना तो फलक नमुना म्हणून वहीत उतरवायला लावला होता. परीक्षा तोंडावर होती. नियमाला अपवाद आहे, हे गुरुजींना ठाऊक होतं. गोष्टी खरोखरच वेगवेगळ्या काळातल्या असतील तर क्रियापदांनाही वेगळं राहण्याची मुभा असते. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून त्यांनी तो कधी शिकवला नव्हता. आता तो अगदी ओठांवर आला.

फोनमधून साहेबांनी विचारलं, फलक बरोबर आहे की चूक, ते त्या मास्तरांनाच सांगू दे.

"सर आणि चूक?" कुंपणापलीकडून एक पोरगी म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

गुरुजींनी कोटाचं बटण लावलं.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले.

सियोम्बुआनं फोन बंद केला आणि गाडीवाल्यांना हात केला. यंत्र थांबलं. जमिनीत गेलेले रॉड एकेक करून वर येऊ लागले. पांढऱ्या धुळीनं माखलेले रॉड गाडीवर रचले जात होते आणि पोरं लांबून बघत होती.

शेवटचे दोन ओले निघाले.