आईपुढचा उजेड

धुक्यात होडी वाहत चालली होती, पण टॅबलेटच्या नकाशावरचा तिचा ठिपका जागचा हलत नव्हता. होडी हाकणारा जोमा तांडेल टॅबलेटवर वाकला. भरती होडीला खडकांकडे ओढत होती आणि खडक किती जवळ आले, हे कळायला मार्ग नव्हता.

टॅबलेटला दोन वायरी जोडलेल्या होत्या. एक ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राची, दुसरी केबिनमधल्या देवीमागच्या फिरत्या दिव्यांच्या चक्राची. ते चक्र त्याच्या मेव्हण्यानं, पद्मननं, आजच नवस फेडायला बसवलं होतं. एवढासा टॅबलेट दोन्हींना वीज कुठून पुरवणार?

“दाजी, हात नका लावू,” पद्मन म्हणाला. “समुद्रात आईपुढचा उजेड मालवत नाहीत.”

“मग तिलाच विचार, खडक कुठंय.”

बोलला खरा, पण तांडेलानं आधी डोक्यावरची टोपी काढली. त्यानं देवीला नमस्कार केला, डोळे मिटले आणि वायर उपसली.

देवी अंधारात गेली.

ठिपका थरथरला. मग उडी मारून खडकांच्या खुणांच्या मधोमध जाऊन बसला.

“दिसतं का काही?” पद्मननं मागून विचारलं.

“दिसतं,” तांडेल खडकांना ऐकू जाईल अशा भीतीनं कुजबुजला. “रेटायचा बांबू उचल.”